गुरूवरचे खोडलेले डाग

दुर्बिणीच्या नोकरीत मला सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल, तर शनीने. नागपुरातल्या एका विज्ञान केंद्राच्या गच्चीवर मी तीस वर्षं दुर्बीण सांभाळली. शनिवारी संध्याकाळी गच्ची लोकांसाठी उघडी असायची. जिना चढून वर आलेला माणूस धाप खाली बसायच्या आत विचारायचा, "शनी आहे का?" पोह्यांच्या ठेल्यावर तर्री आहे का विचारावं, तसं. शनी त्या दिवसांत आकाशात नसला की चेहरे उतरायचे. मग चंद्र दाखवायचा. चंद्रही नसला तर माझी खरी परीक्षा.

कारण माझं आवडतं काम लोकांना दाखवण्यासारखं नव्हतंच. ते होतं रूपविकारी ताऱ्यांची नोंद ठेवण्याचं. काही तारे कायम एकाच तेजाने तेवत नाहीत. कमी होतात, वाढतात, आणि काही तर महिना-दोन महिने मरगळल्यासारखे पडून राहतात आणि एका दिवसात चाळीस पटींनी भडकतात. असा एक तारा हंस तारकासमूहात आहे. खरं तर तो एक तारा नाही, दोन आहेत. एकमेकांना इतके चिकटून फिरतात की एक दुसऱ्याचा वायू ओढून घेतो. तो वायू साठत जातो आणि मग एकदम पेटल्यासारखा होतो. आठवडा-दोन आठवडे तेज टिकतं, मग पुन्हा मरगळ. पुढचा भडका कधी, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. म्हणून खरं तर रोज बघायला हवं, पण मला जमायचं ते शनिवारीच.

बघायचं म्हणजे काय, तेही सांगते. ताऱ्याच्या आजूबाजूला न बदलणारे तारे असतात. त्यांच्या तेजाचे अंक ठरलेले असतात. आपला तारा या शेजाऱ्यापेक्षा किती कमी, त्या शेजाऱ्यापेक्षा किती जास्त, हे डोळ्याने ठरवायचं आणि अंक लिहायचा. अंक जितका लहान तितका तारा ठळक. तारा दिसलाच नाही तर "दिसला नाही" असं लिहायचं, कारण तीही नोंदच असते. महिनाअखेर सगळे अंक परदेशातल्या एका संस्थेला टपालाने जायचे. तिथे जगभरातल्या हौशी लोकांचे अंक एका आलेखावर मांडले जात.

या कामाचा नियम एकच. जे दिसलं ते लिहा. काल काय दिसलं होतं ते बघू नका, पुस्तकात काय म्हटलंय ते आठवू नका, शेजारच्याला विचारू नका. हा नियम मी शेकडो लोकांना शिकवला. मोडला मात्र मीच, आणि ज्याच्या बाबतीत मोडला तो माणूस होता रामाजी निखारे.

रामाजी पहिल्यांदा आले ते बायकोला शनी दाखवायला. कामठीला त्यांचे चार पॉवरलूम होते. वय पन्नाशीच्या आसपास, काटक बांधा, खांद्यावर गमछा. त्या दिवशी शनी नव्हता. गंगाबाई म्हणजे त्यांची बायको नाराज होऊन बाकावर बसल्या. रामाजी मात्र दुर्बिणीला डोळा लावून उभेच राहिले. मी हंसातला तो तारा लावून ठेवला होता.

"बाई, ह्या दोन ताऱ्यांत फरक आहे," ते म्हणाले. "डावीकडचा जरासाक मोठा हाय उजेडानं. लय नाही. दोराभर."

मी नकाशा काढून अंक पाहिले. दोघांत फक्त एक दशांशाचा फरक होता. हा फरक ओळखायला मला दीड वर्ष सराव करावा लागला होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमचं कामच हाय ते. सुताचे दोन लॉट येतात. रंग एकच, नंबर एकच. तरी एखादा लॉट जरासा दबलेला राहते. तो फरक ध्यानात नाही आला तं पुऱ्या साडीत पट्टा उमटते, अन् व्यापारी माल वापस करते." मग त्यांनी मान किंचित वळवून दाखवली. "सरळ नाही पाहायचं. सरळ पाहिलं तं रंग डोळ्यात भरते अन् फरक जाते. जरा बाजूले पाहा, मंग आपोआप दिसते."

मी थक्क झाले. अंधुक तारा बघताना नजर थोडी आडवी टाकायची, ही आमच्याही कामातली युक्ती. मी ती पुस्तकातून शिकले होते, आणि या माणसाने ती मागावर स्वतःच शोधून काढली होती.

मी त्यांना पुढच्या शनिवारी या म्हटलं. ते आले. त्याच्याही पुढच्या शनिवारी आले. कामठीहून शेअर ऑटोने यायचे, सात वाजता गच्चीवर, साडेआठची बस पकडून परत. मी त्यांना अंक लावायला शिकवलं. महिन्याभरात त्यांचे अंक माझ्यापेक्षा नेमके येऊ लागले. थोडं टोचलं मला. मी पगारी होते, शिकलेली होते, आणि ते सातवी पास. पण हंसातला तारा काही भडकेना. उन्हाळा लागला, संध्याकाळच्या आकाशातून तो दिसेनासा झाला.

"हा खरंच भडकते, का तुम्ही म्हणता म्हणून?" रामाजी विचारायचे.

"भडकतो."

"तुम्ही पाहिला?"

मी दोनदा पाहिला होता, पण दोन्ही वेळा भडकून झाल्यावर. चढताना कधीच नाही. तसं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पुस्तकातल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. पण त्यांच्या लेखी ती अजून पाहिलेली नव्हती, एवढंच.

मग चौऱ्याण्णवचा जुलै आला. एका धूमकेतूचे वीस-एक तुकडे झाले होते आणि ते माळेसारखे एकामागून एक गुरूवर आदळणार होते. एका ग्रहावर धूमकेतू आदळताना माणूस पहिल्यांदाच बघणार होता. वर्तमानपत्रांनी आठवडाभर आधीपासून रकाने भरले. केंद्राचा फोन दिवसभर वाजायचा. पृथ्वीवर काही पडेल का? शाळा बंद ठेवायच्या का? एकाने तर विचारलं, गुरुवारचा उपास चालू ठेवू का सोडू?

एक बाई हुडकेश्वरहून आल्या. तेव्हा तिकडे वस्ती कमी, शेतंच जास्त. मुलीची सोयरीक जुळत आली होती आणि मुलाकडच्यांनी निरोप पाठवला होता की गुरूवर संकट आहे, तर वर्षभर थांबू. बाई काकुळतीला आल्या होत्या. "मॅडम, गुरू कमजोर होईन का? तुम्ही मले कागदावर लिहून द्या."

मी काय लिहून देणार? आमच्या घरात पंचांगच नव्हतं. बाबांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला, तेव्हापासून मुहूर्त हा शब्दच घरातून गेला. मला ग्रह भेटले ते दुर्बिणीत, पत्रिकेत कधीच नाही. मी बाईंना म्हटलं, "लिहून नाही देत. आकाश मोकळं झालं की या, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा."

आकाश मोकळं होण्याचीच पंचाईत होती. तुकडे आदळायला लागले आणि नागपूरवर ढग बसले ते हलेनात. आमचे केंद्रप्रमुख, त्यांना आम्ही साहेबच म्हणायचो, दिल्लीहून आलेलं टिपण घेऊन फिरत होते. त्यात तज्ज्ञांनी लिहिलं होतं की लहान दुर्बिणींतून बहुधा काहीच दिसणार नाही. साहेबांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. "लोकांना आशा लावू नका, शीलाबाई. नसतं काहीतरी दिसलं म्हणतील."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला ढगात एक भगदाड पडलं. गच्चीवर वीस-पंचवीस माणसं, एक बातमीदार, साहेब आणि रामाजी. शनिवार नव्हता, तरी ते आले होते. मी दुर्बीण गुरूवर लावली, नीट केली, आणि नेमक्या त्या क्षणी बातमीदाराने मला प्रश्न विचारला. मी बाजूला झाले. रामाजी पुढे झाले.

मिनिटभर ते हलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "काळं दिसून राहिलं."

"कुठे?"

"वरच्या अंगाले. दोन. एक मोठं, एक लहान. शाई सांडल्यावानी."

मी धावत जाऊन डोळा लावला. ढग. नुसता राखाडी ढग. भगदाड बुजलं ते बुजलंच.

रामाजींनी नियमाप्रमाणे कुणाशी पुढे न बोलता नोंदवही घेतली. वहीत गुरूची गोल चित्रं छापलेली होती. त्यातल्या एका गोलात त्यांनी पेन्सिलने वरच्या बाजूला दोन डाग काढले, वेळ लिहिली, खाली सही केली.

बातमीदार वाकून बघत होता. "म्हणजे डाग दिसले? मी छापू?"

साहेब माझ्याकडे बघत होते. मीच बोलले. "नाही, नाही. इतक्या लहान दुर्बिणीत दिसणं शक्य नाही. ढगाची कड असेल. रामाजी, तुम्हाला भास झाला."

"भास?" ते म्हणाले.

"होतो असा. मलाही होतो."

आणि मी वही घेतली आणि खोडरबराने ते दोन डाग खोडले. साहेबांनी खोडा म्हटलं नव्हतं. बातमीदाराने म्हटलं नव्हतं. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती, उद्या पेपरात केंद्राचं हसं झालं तर, अशी भीती मनात होती, हे सगळं खरं. पण हात माझा होता. वीस-पंचवीस माणसांसमोर मी एका माणसाने पाहिलेलं पुसून टाकलं.

रामाजींनी छत्री उचलली. "बस सुटन," एवढंच म्हणाले आणि जिना उतरले.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली. गुरूच्या अंगावर काळेकुट्ट डाग, त्यातले काही पृथ्वीएवढे. खाली बातमी होती की लहान दुर्बिणींतूनही ते सहज दिसताहेत आणि तज्ज्ञांचा अंदाज चुकला.

मी कपाटातून वही काढली. पान खिडकीकडे तिरपं धरलं. पेन्सिलीचा दाब कागदावर उमटलेला होता, अगदी फिका. आमच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, म्हणून गुरूचा दक्षिण भाग वर येतो. धूमकेतूचे तुकडे दक्षिण भागातच आदळत होते. रामाजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी डाग बरोबर त्याच पट्ट्यात काढले होते. तेव्हा मी एक क्षण थांबून नुसता विचार केला असता, तरी मला कळलं असतं.

शनिवारी रामाजी आले नाहीत. मी रविवारी वही पिशवीत घातली आणि कामठीची बस धरली.

त्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही. गल्लीभर मागांचा खडखडाट होता, माझा स्वतःचा आवाज मला ऐकू येईना. गंगाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला ओळखलं.

"तूच ना वं दुर्बिणवाली बाई? काय केलं वं तू? आठवडा होत आला, धड जेवून नाही राहिले, धड बोलून नाही राहिले."

मी काही उत्तर देणार, तेवढ्यात लाइट गेली. सगळे माग एकदम थांबले. गल्ली इतकी शांत झाली की सुपातले तांदूळ ऐकू यावेत. आतून रामाजी गमछ्याला हात पुसत बाहेर आले.

"या," म्हणाले. "बसा."

मी बसले नाही. म्हटलं, "रामाजी, डाग खरे होते. तुम्ही बरोबर होता, मी चुकले. सगळ्यांसमोर चुकले. मला माफ करा."

"पेपरात पाहिलं मी," ते म्हणाले.

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली, पेन्सिल काढली. "तुम्ही पुन्हा काढा. त्याच जागी. वेळ आणि सही अजून तशीच आहे. मी खाली माझी चूक लिहिते."

त्यांनी वही हातात घेतली. खोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग वही मिटून मला परत दिली.

"नाही काढत."

"काहून?" माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

"त्या दिवशी पाहून काढलं होतं. आता आठवून काढीन. अन् मधात पेपरातला फोटो पाहिला ना मी. आता माझ्या डोळ्यात तो फोटो हाय. हात त्याच्याच मांगं जाईन. ते खोटं होईन, बाई. तुमचाच नियम हाय."

गंगाबाईंनी तेवढ्यात काळा चहा आणून ठेवला. दूध नाही म्हणून चार वेळा सांगितलं. आम्ही तिघं तो प्यायलो. लाइट आली, माग सुरू झाले, आणि त्या खडखडाटात रामाजी ओरडून काहीतरी म्हणाले. मला पहिल्यांदा ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा ओरडून विचारलं, "डाग अजून हायेत का वर?"

"आहेत! बरेच दिवस राहतील म्हणतात!"

"मंग येतो!"

पुढच्या आठवड्यात आकाश खरंच उघडलं. रामाजी आले. हुडकेश्वरच्या बाईही आल्या, मुलीला घेऊन. गुरूवर डागांची रांग स्पष्ट दिसत होती, कडेला काजळाची बोटं पुसल्यासारखी. बाईंनी पाहिलं, मग मुलीने पाहिलं, मग बाईंनी पुन्हा पाहिलं.

"इतका मार खाऊन तो जागच्या जागीच हाय की वं," त्या मुलीला म्हणाल्या. "मंग तुह्या सोयरिकीले काय झालं?"

लग्न दिवाळीनंतर झालं. मला पत्रिका आली होती.

रामाजींनी त्या संध्याकाळी नवं चित्र काढलं, नव्या गोलात, नव्या तारखेने. जुन्या गोलाखाली मी तेवढं लिहिलं: नोंद रामाजी निखारे यांची, खोडली शीलाने, कारण भीती. साहेबांनी ते वाचलं आणि विचारलं, "कारण लिहायलाच हवं होतं का?" मी म्हटलं, "हो." माझी नोकरीही पुढे कायम झाली. ज्या भीतीने मी तो रबर उचलला, ती पोकळ होती, हे मला आजही सहन होत नाही.

पावसाळा सरला आणि हंस पुन्हा संध्याकाळच्या आकाशात डोक्यावर आला. आम्ही त्या ताऱ्याकडे परत वळलो. पण आता एक बदल केला. दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर अंक लिहायचा, घडी घालायची, आणि दोन्ही लिहून झाल्याशिवाय उघडायची नाही. शनिवारमागून शनिवार आमच्या चिठ्ठ्यांवर बारा, बारा, "दिसला नाही", बारा असंच येत राहिलं. एकदा रामाजी म्हणाले, "ह्याच्यापेक्षा माह्या मागाची मोटर जास्त भडकते."

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी, थंडी नुकतीच पडायला लागली होती, सात वाजले होते. रामाजींनी डोळा लावला आणि ते नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मग बाजूला झाले, चिठ्ठीवर लिहिलं, घडी घातली. चेहऱ्यावर काहीच दिसू दिलं नाही. मी डोळा लावला.

मला वाटलं दुर्बीण चुकीच्या जागी लागलीय. शेजारचे तारे मोजले. एक, दोन, तो त्रिकोण, ती जोडी. जागा बरोबर होती. तारा बरोबर होता. फक्त तो आता डोळे ताणून शोधावा लागत नव्हता. मी अंक लावला, लिहिला.

चिठ्ठ्या उघडल्या. माझी दहा पूर्णांक सात. त्यांची दहा पूर्णांक पाच.

"हा चढून राहिला," रामाजी म्हणाले.

"थांबा. तासाभराने परत बघू."

"बस जाईन."

"जाऊ द्या. मी सोडायची सोय करते."

तासाभराने पुन्हा चिठ्ठ्या. माझी दहा पूर्णांक चार, त्यांची दहा पूर्णांक दोन. तारा आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता. ज्याला पेटायला निघालेलं कुणी क्वचितच बघतं, त्याला आम्ही दोघं सिमेंटच्या गच्चीवर उभं राहून बघत होतो. रामाजींनी गमछा डोक्याला गुंडाळला होता आणि ते आलटून पालटून ताऱ्याकडे आणि शेजाऱ्यांकडे बघत होते. मध्येच हसत होते. इतका वेळ कुणाला असं एकटं हसताना मी पाहिलं नव्हतं.

दोघांचे अंक मी दोघांच्या नावाने पाठवले. दोन दशांशाच्या फरकासह, जसेच्या तसे.

उत्तर यायला चार महिने लागले. जाडसर लिफाफ्यात त्या भडक्याचा आलेख होता. जगभरातल्या लोकांचे ठिपके. डावीकडे तळाशी ठिपक्यांची सपाट गर्दी, उजवीकडे माथ्यावर मोठी गर्दी, आणि मधल्या उभ्या चढणीवर जवळजवळ काहीच नाही. आमच्याकडे संध्याकाळ होती तेव्हा युरोपात अजून उजेड होता, अमेरिकेत सकाळ, जपानमध्ये बहुधा ढग. त्या रिकाम्या चढणीवर फक्त चार ठिपके होते. दोन माझे, दोन रामाजींचे. नंतर आखलेली रेषा रामाजींच्या ठिपक्यांतून बरोबर जात होती आणि माझ्या ठिपक्यांच्या किंचित वरून.

शनिवारी मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. आलेख कसा वाचायचा ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावला आणि बोटाने रेषा चढत गेले, मागावरचा धागा तपासावा तसे. चार ठिपक्यांवर बोट थांबलं.

"म्हणजे त्या दिवशी आपण आलो नसतो," ते सावकाश म्हणाले, "तं ही चढण कोणालेच दिसली नसती?"

"कुणालाच नाही."

"अन् आठवड्यातले बाकीचे सहा दिवस? तेव्हा काय काय होऊन जात असन?"

"माहीत नाही. तेव्हा आपण बघत नसतो."

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि गच्चीची चावी टांगलेली असायची त्या खुंटीकडे वळून पाहिलं.

"गच्चीची एक चाबी मले देऊन ठेवा," रामाजी म्हणाले. "मी उद्यापासून रोज येतो."